जलद डाव, संथ सराव

१८६१ साली लंडनमध्ये आडोल्फ आंडरसेन आणि इग्नाझ कोलिश यांच्यात बुद्धिबळाचा सामना झाला. पटाशेजारी वाळूची घड्याळे होती आणि प्रत्येकाने दोन तासांत चोवीस खेळ्या पूर्ण करायच्या, असा नियम होता. एका खेळीच्या वाट्याला सरासरी पाच मिनिटे आली. आज मोबाइलवर चहा होईपर्यंत आपण जो डाव उरकतो, त्यात खेळाडूला संपूर्ण डावासाठी तेवढीच पाच मिनिटे मिळतात. तीन मिनिटांचा डाव तर त्याहून लोकप्रिय आहे. तो चाळीस खेळ्या चालला, तर एका खेळीला साडेचार सेकंद उरतात. आंडरसेनच्या पाच मिनिटांच्या तुलनेत हा वेग पासष्ट-सत्तर पट झाला.

एकशे साठ वर्षांत माणसाचा मेंदू साठ पटीने वेगवान झालेला नाही. मग साडेचार सेकंदांत बरी खेळी येते कुठून? आणि ज्याला ती येत नाही, त्याने काय केले म्हणजे ती येऊ लागेल? गेली काही वर्षे मी हे दोन प्रश्न घेऊन जुने स्पर्धावृत्तांत आणि मानसशास्त्रातील निबंध वाचतो आहे. विद्यापीठाची शिस्त मला लाभलेली नाही. एका संदर्भाचे बोट धरून दुसऱ्याकडे जायचे, एवढीच माझी पद्धत. त्यातून एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा समोर आली. पटावरचा वेग ही आधी केलेल्या संथ कामाची मिळकत असते. आपल्याकडे म्हणतातच, आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

घड्याळ आले न्यायासाठी

बुद्धिबळात घड्याळ आले ते खेळ वेगवान करण्यासाठी, असा आपला समज असतो. इतिहास वेगळा आहे. १८५१ साली हॉवर्ड स्टॉन्टनच्या पुढाकाराने लंडनमध्ये सोळा खेळाडूंची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. वेळेचे बंधन नव्हते. एलायजा विल्यम्स नावाचा खेळाडू एकेका खेळीवर इतका वेळ घेई, की समोरच्याचा धीर सुटावा. तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत त्याने खुद्द स्टॉन्टनलाच हरवले आणि त्याच्या संथपणाबद्दल स्टॉन्टनने कडवट शब्दांत लिहिले. हरलेल्याची तक्रार म्हणून ती सोडून देता येईल, पण प्रश्न खरा होता. एकाने विचार करायचा आणि दुसऱ्याने थकायचे, याला बरोबरीचा सामना कसा म्हणायचा?

वाळूचे घड्याळ हे त्यावरचे पहिले उत्तर. १८८३च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सनने आणलेले जोडघड्याळ वापरले गेले. एका आडव्या दांडीवर दोन घड्याळे बसवलेली. आपले घड्याळ कलते केले की ते थांबायचे आणि समोरच्याचे चालू व्हायचे. रचना थेट तराजूची होती आणि कामही तराजूचेच. दोघांना सारखा वेळ मोजून द्यायचा. वेग हे त्याचे नंतरचे फळ. वेळ एकदा मोजता येऊ लागला की तो कमीही करता येतो, हे लक्षात यायला फार काळ लागला नाही.

करमणूक म्हणून सुरू झालेला वेग

विसाव्या शतकाच्या आरंभी झटपट डाव हा क्लबांतला संध्याकाळचा विरंगुळा होता. १९१४ साली बर्लिनमध्ये तेव्हाचा जगज्जेता लास्कर आणि तरुण कापाब्लांका असे दहा विद्युतवेगी डाव खेळले. कापाब्लांकाने ते साडेसहा विरुद्ध साडेतीन गुणांनी जिंकले. अमेरिकेतल्या क्लबांत दर दहा सेकंदांनी घंटा वाजायची आणि घंटेसरशी खेळी करावी लागायची. त्या देशाची जलद बुद्धिबळाची अजिंक्यपदे १९४२ ते १९४५ अशी सलग चार वर्षे रूबेन फाइनने जिंकली. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, ते लवकरच पुन्हा येणार आहे.

खरा धक्का बसला तो ८ एप्रिल १९७० रोजी. बेलग्रेडमध्ये सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग हा सामना संपला होता आणि त्यातले अनेक दिग्गज युगोस्लाव्हियातल्या हर्सेग नोव्ही या गावी पाच मिनिटांचे डाव खेळायला जमले. ताल, कोर्चनॉय, पेट्रोसियान, ब्रॉन्स्टाइन, स्मिस्लॉव्ह अशी मंडळी. ताल आणि पेट्रोसियान जलद खेळात जिंकणार, असा अनेकांचा होरा होता. बॉबी फिशरने बावीस डावांत एकोणीस गुण मिळवले. दुसरा आलेला ताल साडेचौदांवर राहिला. फिशर फक्त एक डाव हरला, कोर्चनॉयशी. स्पर्धा संपल्यावर त्याने आपले सगळे डाव स्मरणातून सांगितले, असे समकालीन वृत्तांतांत नमूद आहे.

ही हकीकत सांगताना लोक फिशरच्या प्रतिभेपाशी थांबतात. मला तिची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. सोव्हिएत मासिके वाचता यावीत म्हणून या मुलाने कामापुरती रशियन भाषा शिकून घेतली होती. एकोणिसाव्या शतकातील विस्मृतीत गेलेले डाव त्याने पुस्तकांतून काढून पटावर मांडले होते. पाच मिनिटांत जे दिसले, ते पुस्तकांपुढे वर्षानुवर्षे बसून आडात भरलेले होते.

ॲम्स्टरडॅम ते पिट्सबर्ग

आडात नेमके काय असते, याचा शोध एका डच संशोधकाने लावला. आद्रियान द ग्रूट हा स्वतः चांगला खेळाडू होता. १९३८ साली हॉलंडमध्ये अव्व्रो स्पर्धेसाठी जगातले सर्वोत्तम खेळाडू आले, तेव्हा त्याने त्यांच्यापुढे पट मांडून विचार मोठ्याने बोलून दाखवायला सांगितले. त्याच्या अभ्यासात आलेखिन, युवे, केरेस, फ्लोर होते आणि आपला रूबेन फाइनही होता. १९४६ साली त्याचा प्रबंध प्रसिद्ध झाला. श्रेष्ठ खेळाडू पुष्कळ खेळ्या पुढचे पाहतात, अशी समजूत होती. द ग्रूटला आढळले, की किती खोल पाहिले यात श्रेष्ठ आणि साधारण यांच्यात फार मोठा फरक नव्हता. फरक होता तो पहिल्या नजरेत. पट काही सेकंद दाखवून झाकला, तरी श्रेष्ठ खेळाडू जवळजवळ सगळी सोंगटी जागच्या जागी मांडून दाखवायचा.

हाच धागा पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी पुढे नेला. सायमनना पुढे १९७८ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. १९७३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग साधा होता. मास्टर, मधला आणि नवशिका अशा तीन खेळाडूंना खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवायची आणि आठवायला सांगायची. मास्टरला सुमारे सोळा सोंगट्या आठवल्या, नवशिक्याला चार. मग त्याच सोंगट्या पटावर वाटेल तशा विखरून ठेवल्या. मास्टरची जादू संपली. तोही इतरांच्या पंक्तीला येऊन बसला. पुढच्या काळातील अभ्यासांत अशा विस्कळीत पटावरही मास्टर किंचित सरस ठरतो असे दिसले, पण मूळ निष्कर्ष टिकला.

म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती सर्वसाधारण बाबतीत दांडगी नसते. त्याला पटावर सुट्या सोंगट्या दिसतच नाहीत, जुळण्या दिसतात. किल्लेकोटातला राजा, त्याच्यापुढची तीन प्यादी, शेजारी हत्ती हे सगळे मिळून त्याच्यासाठी एक अक्षर. आपण ‘पंढरपूर’ हा शब्द अक्षरे जुळवत वाचत नाही, तसेच. अशा जुळण्यांची संख्या चेस आणि सायमन यांच्या अंदाजाने पन्नास हजारांच्या घरात जाते.

माझ्या पिढीतल्या वाचकांना हे समजायला प्रयोगशाळेची गरज पडू नये. पावकी, निमकी, पाउणकी, दिडकी, अडीचकी आपण कधीतरी सुरात म्हटलेली आहे. दुकानात साडेसात दुणे पंधरा हे उत्तर हिशेब करून येत नाही, ओळखीचे असते म्हणून येते. जलद बुद्धिबळातली बहुसंख्य उत्तरे या जातीची असतात.

वेळ कमी केला तर काय उरते?

हे खरे असेल, तर वेळ कापल्यावरही श्रेष्ठ खेळाडू श्रेष्ठच राहिला पाहिजे. १९८८ साली काल्डरवूड, क्लाइन आणि क्रँडल यांनी नेहमीचे आणि झटपट डाव तपासले. घाईत दोघांचाही खेळ घसरला, पण बलवान खेळाडूचा कमी आणि दुबळ्याचा जास्त. २००४ साली ब्रूस बर्न्सने दाखवले, की खेळाडूंच्या एकूण ताकदीतला फरक मोठ्या प्रमाणात, ८१ टक्क्यांपर्यंत, त्यांच्या झटपट खेळावरूनच सांगता येतो.

पण नाण्याला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे बरे नाही. क्रिस्टोफर शाब्री आणि एलियट हर्स्ट यांनी २००३ साली ग्रँडमास्टरांचे संथ आणि जलद डाव ताडून पाहिले. जलद डावांत ठळक चुका लक्षणीयरीत्या वाढलेल्या होत्या. ओळख कितीही पक्की असो, पडताळून पाहायला वेळ लागतोच. ओळख खेळी सुचवते आणि विचार ती तपासतो. झटपट खेळात तपासणी कमी पडते आणि सगळा भार ओळखीवर येतो. म्हणून ज्याला जलद खेळात सुधारायचे आहे, त्याने हाताचा वेग वाढवण्याआधी ओळखीचा साठा वाढवला पाहिजे.

तारेवरचा पट

जलद डाव घरोघर नेला तो इंटरनेटने. १९९२ साली अमेरिकेत ‘इंटरनेट चेस सर्व्हर’ सुरू झाला. चित्र नव्हते, पट अक्षरांनी आणि रेघांनी काढलेला असे आणि खेळी टंकून पाठवावी लागे. इथे जुनाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. खेळी तारेतून जायला लागणारा वेळ कोणाच्या घड्याळातून कापायचा? दूरच्या देशातला खेळाडू विचार न करताही वेळ गमावत होता. तो विलंब वजा करण्याची व्यवस्था केली डॅनियल स्लीटर या संगणकशास्त्रज्ञाने. तोही कार्नेगी मेलनचाच, चेस आणि सायमन यांच्या विद्यापीठातला. १९९५ साली त्याने या सर्व्हरचे शुल्क घेणाऱ्या संस्थेत रूपांतर केले, तेव्हा नाराज झालेल्यांनी मोफत सर्व्हर उभा केला. पुढे २००७ साली चेस डॉट कॉम आणि २०१० साली तिबो द्युप्लेसी या फ्रेंच प्रोग्रामरचे मुक्त स्वरूपातले लीचेस आले आणि पट मोबाइलमध्ये शिरला.

घड्याळातला दुसरा न्याय फिशरचा. प्रत्येक खेळीनंतर खेळाडूच्या वेळेत काही सेकंदांची भर घालणाऱ्या घड्याळाचे पेटंट त्याला १९८९ साली मिळाले. जिंकत आलेला डाव केवळ काटा पडला म्हणून जाऊ नये, हा त्यामागचा विचार. तीन मिनिटांच्या डावाला खेळीमागे दोन सेकंदांची जोड दिली, की चाळीस खेळ्यांत ऐंशी सेकंद वाढतात आणि साडेचारचे साडेसहा सेकंद होतात. शिकणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे. त्या दोन सेकंदांत ‘समोरच्याने आत्ता काय धमकी दिली?’ एवढे विचारून होते.

खेळणे म्हणजे सराव नव्हे

तारेवरच्या पटाने एक भ्रमही वाढवला. रोज तीस डाव खेळले म्हणजे सराव झाला, असे वाटू लागले. नील चारनेस आणि सहकाऱ्यांनी २००५ साली स्पर्धात्मक खेळाडूंच्या दोन मोठ्या गटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळाडूच्या ताकदीशी सर्वांत जवळचे नाते कशाचे आढळले? एकट्याने बसून केलेल्या गंभीर अभ्यासाचे. स्पर्धेतल्या डावांचा वाटा त्याहून कमी होता. ग्रँडमास्टरांनी पहिल्या दहा वर्षांत असा सुमारे पाच हजार तासांचा अभ्यास केला होता, मध्यम खेळाडूंच्या जवळपास पाचपट.

तालमीतल्या वस्तादाला हे सांगावे लागत नाही. मैदानातली कुस्ती वेगळी आणि रोजचे जोर, बैठका, एकच डाव शंभरदा करून घेणे वेगळे. रोज मैदान मारणारा पैलवान तयार होत नाही, दमतो.

नेमक्या सरावाची दोन अलीकडची उदाहरणे बोलकी आहेत. अमेरिकेत मायकेल द ला माझा या प्रौढ हौशी खेळाडूने सुमारे एक हजार कूटप्रश्नांचा एकच संच सात वेळा सोडवला. पहिल्या फेरीला चौसष्ट दिवस, दुसरीला बत्तीस, अशी दरवेळी मुदत निम्मी करत शेवटची फेरी एका दिवसात. चारशे दिवसांत चारशे गुणांनी मानांकन वाढल्याचे त्याने २००१ साली लिहिले. ही घोकंपट्टी आहे, बुद्धिबळ नव्हे, अशी टीकाही झाली. पण २०१० साली स्वीडनच्या हान्स टिक्कानेनने याच जातीचा सराव केला आणि त्याच वर्षी ग्रँडमास्टर किताबाचे निकष पूर्ण केले. २०१८ साली त्याने अॅक्सेल स्मिथसह ही पद्धत पुस्तकरूपात मांडली आणि तिला सुतारपक्ष्याचे नाव दिले. एकाच जागी पुन्हा पुन्हा चोच मारणारा पक्षी.

घड्याळाचाही सराव असतो. वेळेअभावी डाव बिघडवणाऱ्यांना मिखाईल बोटविनिकचा सल्ला होता, की काही सरावाचे डाव असे खेळा ज्यात निकालाकडे न पाहता फक्त घड्याळाकडे लक्ष द्यायचे. विचलित न होण्याचा सराव म्हणून तो रागोझिनशी खेळताना त्याला मुद्दाम तोंडावर धूर सोडायला सांगत असे. जी उणीव, तिचाच सराव. नेमकेपणा म्हणतात तो हाच.

हे सारे एकत्र केले की शिकणाऱ्यासाठी सरावाचा एक साधा क्रम निघतो. मी स्वतः वहीत तीन रकाने आखतो आणि जलद डाव संपला, की तो संगणकाला दाखवण्याआधी एकदा पाहतो. डाव फिरला ती जागा कोणत्या रकान्यात बसते? धमकी दिसलीच नाही, हा पहिला. दिसली पण वेळ उरला नव्हता, हा दुसरा. दोन्ही होते, पण पुढे काय करायचे ते ठाऊक नव्हते, हा तिसरा. तिन्ही दुखण्यांची औषधे वेगळी आहेत. पहिल्याला सोपे कूटप्रश्न, तेच तेच, दिवसांचे अंतर ठेवून: घोड्याचा दुहेरी हल्ला, शेवटच्या ओळीतली मात, राजाच्या आड अडकलेला मोहरा. दुसऱ्याला घड्याळाचा सराव आणि दोन-तीनच ओळखीचे आरंभ, म्हणजे पहिल्या दहा खेळ्यांना सेकंद खर्चावे लागत नाहीत. तिसऱ्याला संथ डाव आणि अंतिम डावाचा अभ्यास, कारण राजा आणि एका प्याद्याची बाजू जिंकते की बरोबरीत सुटते, हे चार सेकंद उरल्यावर शोधून काढता येत नाही. तिथे ते माहीतच असावे लागते. रोजच्या एका तासात पंधरा मिनिटे डाव आणि पंचेचाळीस मिनिटे हे काम, असे प्रमाण मला योग्य वाटते. बहुतेक ठिकाणी ते उलटे असते.

वय आणि वाट

पन्नाशीनंतर हे जमते का, हा प्रश्न मला सैद्धांतिक नाही. फर्नान्द गोबे आणि गियेर्मो काम्पितेली यांचा अर्जेंटिनातील खेळाडूंचा २००७चा अभ्यास सांगतो, की मास्टरपदाला पोचायला सरासरी अकरा हजार तास लागले. पण कोणाला तीन हजारांत जमले, तर कोणाला तेवीस हजारांहून अधिक लागले. लहान वयात सुरुवात करणाऱ्यांना फायदा होतो, हेही त्यात दिसते. तास सर्वांना सारखे फळ देत नाहीत, हे मान्य करावे लागते. मात्र आपल्या वाट्याच्या तासांत काय करायचे, हे ठरवणे आपल्या हाती उरते. आणि मास्टर होणे वेगळे, कालच्या आपल्यापेक्षा बरे खेळणे वेगळे.

जलद खेळाने मुले बिघडतात, असे ज्येष्ठ खेळाडू म्हणतात. त्यांनाही आपल्याच मातीत उत्तर आहे. चेन्नईच्या ताल चेस क्लबमध्ये लहानगा विश्वनाथन आनंद झटपट डाव खेळूनच वाढला. पण मनिलामध्ये असताना दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमातली कूटे आई त्याच्यासाठी उतरवून ठेवी आणि शाळेतून आल्यावर तो ती सोडवी. वेग आणि अभ्यास एकाच घरात नांदत होते. महाराष्ट्रात सांगलीचे नूतन बुद्धिबळ मंडळ आणि भाऊसाहेब पडसलगीकर यांनी, मुंबईत वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी जो खेळ रुजवला, तो संगणकाविना. डाव संपला की दोघांनी पट पुन्हा मांडायचा आणि कुठे काय झाले ते बोलायचे, ही मंडळांतली रीत होती. संगणकाच्या विश्लेषणाने आज ते काम सोपे केले आहे, म्हणूनच कदाचित ते कमी होते. यंत्र चूक दाखवते. ती का झाली, हे विचारणे खेळाडूवर सोडते.

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमीमध्ये नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. कोनेरू हम्पीविरुद्धचे दोन्ही संथ डाव बरोबरीत सुटले होते. निकाल लागला तो जलद डावांत, पंधरा मिनिटे आणि खेळीमागे दहा सेकंद अशा घड्याळावर. जगातली मोठी पदके आता अशा सेकंदांत ठरतात. जलद खेळ हलका म्हणून बाजूला सारण्याचे दिवस त्यामुळे संपले आहेत. आणि फक्त जलद खेळून तो साधेल, अशी आशा धरण्याला तर कधीच आधार नव्हता. आंडरसेनला एका खेळीसाठी मिळणारी पाच मिनिटे आपल्याला पटावर मिळणार नाहीत. ती डावाआधी आणि डावानंतर, घड्याळ बंद असताना द्यावी लागतात.